वन्सं, तुम्ही पारखून आणलेली इस्त्री

वन्सं,

सुतक फिटलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, सोप्यातली सतरंजी गुंडाळून ठेवली. आता कुठं तुमच्याशी बोलायला सवड मिळाली. आपल्या दोघींचं बोलणं नेहमी हातात काम असताना व्हायचं. तुम्ही मशीनवर आणि मी खाली वाकळ पसरून तिच्या टोकाशी. नुसतं समोरासमोर बसून आपण कधी बोललोच नाही. म्हणून आत्ता हात रिकामे आहेत तर शब्दही नीट येईनात.

तेरा दिवस बायका येत होत्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणत होत्या, "लय सोसलं बिचारीनं." मला ते ऐकवत नव्हतं. सोसलंत ते खरं, पण बिचाऱ्या तुम्ही कधीच नव्हता. नवऱ्याची थोरली बहीण म्हणून मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून भ्यायले, आणि पुढं त्या भीतीची जागा कशानं घेतली याला माझ्याकडं नेमका शब्द नाही. तो शब्द शोधण्यापेक्षा जे झालं ते सांगते. तुम्हाला ठाऊक आहेच, पण मला ते एकदा सलग मनात लावायचं आहे.

तुम्ही शिराळ्याकडच्या सासरहून परत आलात तेव्हा माझ्या हातावरचा हिरवा चुडा अजून नवा होता. उसाला पाणी चालू होतं, मी पाटाकडं निघाले होते आणि तुम्ही एसटीतून उतरून पायवाटेनं येताना दिसलात. डोक्यावर एक गाठोडं, बस. मूल होत नाही म्हणून दाजींनी दुसरी केली होती आणि तुम्हाला घरात ठेवून घ्यायला त्यांची ना नव्हती. भाकऱ्या थापायला कोणीतरी हवंच होतं. तुम्ही ओसरीवर बसलात, तांब्याभर पाणी प्यालात आणि मामांना, तुमच्या वडलांना, म्हणालात, "आबा, मी परत जायाची न्हाई. हितं ऱ्हायला जागा द्या. खायाचं माझं मी बघते."

मामा उठून शेताकडं निघून गेले. पुढं कितीतरी महिने ते तुमच्याशी थेट बोलले नाहीत. जेवायला बसले की ताटाकडं बघून म्हणायचे, "लेकीची जात. नांदायलाच पायजे." तुम्ही भाकरी वाढत राहायच्यात. तुमचे भाऊ, माझे मालक, फौजेत, तिकडं सरहद्दीवर. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आपण तिघंच, आणि दोघांच्या मधे मी.

मग तुम्ही हातातल्या पाटल्या मोडून मशीन आणलंत. झंपर, परकर, लहान पोरांच्या चड्ड्या. आणि वाकळा, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. वाकळ गावात घरोघरी शिवतात, पण तुमच्या वाकळेत गाठी नसायच्या. मी विचारलं तेव्हा तुम्ही मला एक तुकडा दुमडून दाखवलात. "कड दुमडायची आनि लगीच इस्त्रीनं दाबायची. मग टाका घालायचा. न दाबता शिवलं की आत कापड फुगून बसतंय. पाठीला टोचतंय. लोकं म्हणत्यात वाकळ टोचती. वाकळ न्हाई टोचत, शिवणारीची घाई टोचती."

पण इस्त्री आपली नव्हती. परटाच्या घरून मागून आणायची. त्यांचं काम उरकलं की मिळायची, तीही कोळशाची, जुनी, झाकणाची पुढची कडी ढिली झालेली. त्यांनी देतानाच सांगितलं होतं, "बाई, कडी सांभाळा." तुम्ही ती तारेनं बांधून वापरत होता.

त्या दिवशी तार तुटली.

पलूसच्या मास्तरीणबाईंची वाकळ होती ती. त्यांची आई गेलेली, आणि आईच्या नेसत्या लुगड्यांची वाकळ त्यांनी लेकीच्या बाळंतपणासाठी करायला दिली होती. जवळजवळ होत आली होती. तुम्ही शेवटची कड दाबत होता, इस्त्री उचललीत, झाकण उघडलं आणि निखारे सगळे वाकळेवर. तुम्ही आधी हातानंच झटकलेत. मी पाण्याची घागर ओतली तोवर मधोमध तळहाताएवढं भोक पडलं होतं, आणि तुमचा तळहातही भाजला होता. तुम्ही हाताकडं बघितलंच नाहीत. भोकाकडं बघत बसलात.

मामा आवाज ऐकून आले. भोक बघितलं. म्हणाले, "झालं समाधान? दुसऱ्याचं कापड जाळलंस. आता पुरं कर हे. आन्खी एकदा असं झालं तर मशीन हुबं ऱ्हायचं न्हाई ह्या घरात."

मला वाटलं तुम्ही रडाल. तुम्ही हाताला खोबरेल लावलंत, वाकळ घडी करून डोक्यावर घेतलीत आणि मला म्हणालात, "चल माझ्याबर. एकटीनं सांगायला जीभ उचलायची न्हाई."

पलूसला बाईंच्या दारात तुम्ही वाकळ पसरलीत, भोक वर करून. लपवून आधी चांगली बाजू दाखवली नाहीत. म्हणालात, "हे माझ्या हातनं झालंय. बाजारात हे कापड मिळायचं न्हाई, ते मला कळतंय. तुमी बोला. मी ऐकून घेती."

बाई किती वेळ त्या भोकाभोवती बोट फिरवत होत्या. मग त्या आत गेल्या आणि एक जुना पदर घेऊन आल्या, आईचाच, स्वतःजवळ ठेवून घेतलेला. "हा लावा," म्हणाल्या. "पण हात बरा होऊ दे आधी." परतीच्या वाटेवर तुम्ही एकदाच बोललात. "सुमन, आता मागून आणलेली इस्त्री ह्या हातात धरायची न्हाई."

पुढच्या बाजारच्या दिवशी आपण सांगलीला गेलो. पिशवीत तुम्ही काय काय घेतलं होतं ते मला दुकानातच कळलं. लाकडी फूटपट्टी. मधे टीप मारलेला पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा. आणि एक जाड चिंधी. दुकानदारानं फळीवरून चकचकीत इस्त्री काढून दिली, की तुम्ही ती उलटी करायच्यात, तळावर फूटपट्टी उभी धरायच्यात आणि उजेडाकडं तोंड करून एक डोळा मिटायच्यात. फटीतून उजेड दिसला की इस्त्री परत. "मधी खड्डा हाय. शिवण कडेनंच दबंल." मग कडी. लावायची, इस्त्री उलटी करायची आणि जोरात हिसका द्यायचा. मग मूठ. मुठीत हात घालून बोटं झाकणाला किती जवळ येतात ते बघायचं. "तापल्यावर हितं बोटं भाजत्याल." दुकानदार आधी हसले, मग कंटाळले, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. तुम्ही हललाही नाहीत. फळीवरची शेवटची इस्त्री बघूनच बाहेर पडलात.

तिथंच शेजारच्या दुकानात मला विजेची इस्त्री दिसली. पांढरी वायर, काळी मूठ, उष्णता कमी-जास्त करायची चकती. मी तर तिथंच थबकले. "वन्सं, ही बघा. कोळसा नको, राख नको, निखारा पडायची भीतीच नको."

"आनि लाइट गेली मंजे?"

"लाइट काय, येतीय परत."

"गिऱ्हाईक येतंय का परत?"

मी पण हटले नाही. म्हटलं, टेरिकॉटचे कपडे आता घरोघरी येताहेत, कोळशाच्या इस्त्रीखाली ते चिकटतात, उद्या लोक तेच शिवायला आणतील. तुम्ही म्हणालात, "उद्याचं उद्या. आज माझ्याकडं लुगडी येत्यात." एसटी स्टँडपर्यंत आपण भांडत आलो. लोक वळून बघत होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की तुमच्याशी भांडता येतं. भांडण संपलं की तुम्ही माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी ठेवलीत आणि अर्धे दाणे स्वतः खाल्लेत.

सांगलीत काही मिळालं नाही म्हणून आपण कराड गाठलं. पेठेतल्या एका आडगल्लीत जुन्या शेटजींचं भांड्यांचं दुकान होतं. तिथंही फूटपट्टी निघाली, हिसके देऊन झाले. दोन इस्त्र्या तुम्ही बाजूला काढल्यात. एक पितळी, सोन्यासारखी झळकणारी. दुसरी बिडाची, काळी, लाकडी मुठीची. आणि मग तुम्ही शेटजींना म्हणालात, "आता ह्या पेटवून द्या."

शेटजींनी चष्मा वर केला. "पेटवून?"

"व्हय. गार इस्त्री काय, सगळ्याच चांगल्या."

"बाई, इतकी वर्षं दुकान चालवतोय. तुम्ही इस्त्री घ्यायला आलाय का जावई बघायला?"

तुम्ही हसलात. म्हणालात, "जावई बघताना आमच्या माणसांनी यवढं बघितलं असतं, तर मी इस्त्री घ्यायला आलेच नसते."

दुकानात सगळेच हसले. मीही हसले आणि मग तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हसत होता, पण फूटपट्टी धरलेला हात घट्ट आवळला होता. सासरबद्दल तुम्ही माझ्यासमोर बोललात ते एवढंच. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं नाही म्हणत मी. तुमच्या त्या एका वाक्यात मला सगळं मिळालं होतं.

शेटजी उठले. स्वतः शेजारच्या हॉटेलातून निखारे मागवले, दोन्ही इस्त्र्या भरल्या, आणि त्या तापेपर्यंत आपल्याला चहा पाजला. तुम्ही मांजरपाट पसरून पितळी इस्त्री त्यावर हेलकावलीत. बाजूच्या भोकांतून राख पडली, पांढऱ्यावर काळे ठिपके. शेटजींनाच वाईट वाटलं. मग काळी हेलकावलीत. काही पडलं नाही. चिंधी ओली करून शिवणीवर ठेवलीत, इस्त्रीचं टोक शिवणीत घालून सावकाश पुढं नेलीत. चिंधी उचलून मला म्हणालात, "डोळं मिट आनि बोट फिरीव." मी फिरवलं. शिवण कुठं सुरू होते ते बोटाला कळेना.

"ही," तुम्ही म्हणालात.

येताना एसटीत ती तुमच्या मांडीवर होती, पदराखाली, लहान मूल धरावं तशी. मी तसं म्हणाले नाही. पण दिसत तसंच होतं.

त्यानंतर आपलं घर बदललं. एकदम नाही. आधी मास्तरीणबाईंची वाकळ गेली, पदराचं ठिगळ मधोमध, आणि त्यांच्या घरी ती बघायला बायका आल्या. मग पलूसहून लुगड्यांची गाठोडी येऊ लागली. मग लग्नसराईतली पोलकी. मग गावातल्या तीन-चार मुली दुपारच्या शिकायला यायला लागल्या. त्यांना तुम्ही आधी सुईसुद्धा हातात देत नव्हता, इस्त्री द्यायच्यात. करवंट्यांचा कोळसा कसा पेटवायचा, पाण्याचा शिपका मारून तळाचा आवाज कसा ऐकायचा, कापडाच्या कोपऱ्यावर आधी कसं बघायचं. एकीनं घाई करून पोलक्याची बाही पिवळी केली तेव्हा तुम्ही तिला ओरडला नाहीत. आपला तळहात उघडून दाखवलात. तो डाग शेवटपर्यंत गेला नव्हता.

मामा सोप्यात बसून हे बघायचे. मशीन बंद कर असं मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

आणि मग तुमचे भाऊ सुट्टीवर आले ते फौजेच्या कँटीनमधून विजेची इस्त्री घेऊन. मला काय आनंद झाला! तुम्ही ती हातात घेतलीत, फूटपट्टी लावलीत. तळ सपाट निघाला. तोंडातून बरं म्हणून निघेना तुमच्या. "हलकी हाय," म्हणालात. "दाब कुठनं आणायचा हिला?"

तिथून आपला वाद पुन्हा सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही. टेबलाच्या एका अंगाला तुम्ही काळी घेऊन, दुसऱ्या अंगाला मी वायर लावून. उसाला पाणी पाजायच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा जोर उतरून माझी इस्त्री कोमट व्हायची आणि तुम्ही तुमची पुढं सरकवायच्यात. मग एखादा टेरिकॉटचा सदरा यायचा, तुम्ही तो उचलून माझ्या अंगाला ठेवायच्यात. तेवढीच कबुली. मी एकदा म्हणाले, "वन्सं, हरला म्हणा की." तुम्ही म्हणालात, "हरले कशी? सदरा तुझ्याकडं दिला मंजे काम माझंच झालं की."

तुम्ही आजारी पडलात त्या आठवड्यातही हेच चाललं होतं. मी म्हणत होते, मुलींना आता विजेच्या इस्त्रीवर शिकवू. तुम्ही म्हणत होता, ज्या मुलीच्या सासरी लाइट नसंल तिनं काय करायचं? मी उत्तर शोधत होते. दुसऱ्या दिवशी तुमचे डोळे पिवळे दिसले. गावातलं औषध झालं, मग सांगलीचा दवाखाना. तिथं खाटेवर तुम्ही माझी साडी चिमटीत धरून म्हणालात, "ही इस्त्री कुणी केली? चुणी पडलीया." मी हसले. बाहेर जाऊन रडले. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर फारशा आलाच नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आता सापडलंय, वन्सं. दोन्ही शिकवायच्या. ज्या कापडाला जी हवी ती. इतकं साधं होतं, आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही असता तर त्यातही काहीतरी खोट काढली असतीत. ती कोणती असती याचा मी विचार करत राहते.

आता तेराव्याचं सांगते, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही.

दाजी आले होते. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ आणि दारात बैलगाडी. जेवणं झाली, हात धुतले आणि दाजी मामांना म्हणाले, "मशीन आनि तिचं काय सामान आसंल ते घेऊन जातो. काय झालं तरी आमच्या घरची हुती ती."

तुमच्या भावांना तार केली होती, पण सरहद्दीवरून ते अजून पोचले नव्हते. मामा खाली मान घालून बसलेले. पाच-पंचवीस माणसं, सगळ्यांच्या नजरा मामांकडं. माझ्या हातात पाण्याची कळशी होती. ती मी खाली ठेवली आणि सोप्यात मशीनपुढं येऊन उभी राहिले. या घरात मी मामांसमोर कधी आवाज चढवून बोलले नव्हते.

म्हटलं, "दाजी, मशीनला हात लावायचा न्हाई."

"सुनंनं मधी बोलू ने," दाजींचा भाऊ म्हणाला.

"सून हाय म्हणूनच बोलते. ह्या घरात मी ऱ्हाते. मशीन वन्संनी माहेरच्या पाटल्या मोडून घेतलं. इस्त्री त्यांनी स्वतः कराडला जाऊन पारखून आणली, मी बरोबर हुते. त्या आजारी पडल्या तवा तुमी एकदा तरी सांगलीला आलात का? तवा त्या कुणाच्या घरच्या हुत्या?"

दाजी मामांकडं वळले. "पावनं, ही तुमच्या घरची रीत व्हय?"

मला वाटलं, आता संपलं. मामांना चार माणसांत मान खाली घालावी लागली तर ते मला कधी माफ करणार नाहीत. पण मी मशीनच्या पुढून हलले नाही. वन्सं, त्या वेळी मला तुमची आठवण आली असं लोक म्हणतील. नाही आली. मला फक्त एवढंच दिसत होतं, की या मशीनवर अर्धी शिवलेली तीन पोलकी आहेत, आणि ज्यांची आहेत त्यांची लग्नं तोंडावर आलीत.

मामा उठले. काठी न घेता. म्हणाले, "व्हय. हीच रीत. सून बोलली ते माझंच बोलणं हाय. मी ते लेकीच्या जिवंतपणी बोलाया पायजे हुतं." आणि मग दाजींना, अगदी पाहुण्याला सांगावं तसं, "गाडी जुपा. दिस मावळायच्या आत घाट पार करा."

बैलगाडी गेली. माणसं एकेक करून उठली. मामा परसात गेले, बराच वेळ आलेच नाहीत. मी भांडी घासली. मला वाटलं होतं रडू फुटेल, पण फुटलं नाही. फक्त भूक लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

आज सकाळी सडा घालून आत आले तर मामा मशीनजवळच्या बाकावर बसले होते. त्या बाकावर ते कधीच बसत नसत. समोर शेगडी पेटलेली, तीत करवंट्या घातलेल्या. मला बघून जरा चपापले. मग म्हणाले, "सुमन, आज काय शिवायचं हाय?"

"पोलकी," मी म्हटलं. "तीन हायेत."

"मग बस की. कोळसा मी बघतो."

मी मशीनवरचं कापड काढलं आणि बसले.